द्यूत, दंड आणि कबुली

दिल्लीच्या नैर्ऋत्य भागात, पप्पनकलां गावाच्या परिसरात, दिल्ली विकास प्राधिकरणाने जे मोठे उपनगर वसवले त्याला द्वारका हे नाव मिळाले. सध्या माझे वास्तव्य तेथेच आहे. या नावामुळे महाभारताच्या वनपर्वातील एक प्रसंग वारंवार आठवतो. पांडव सर्वस्व गमावून काम्यकवनात आले असताना श्रीकृष्ण त्यांना भेटायला येतो आणि सांगतो की, हस्तिनापुरात द्यूत चालले होते तेव्हा आपण द्वारकेत नव्हतो, शाल्वाशी युद्ध करण्यासाठी दूर गेलो होतो. द्वारकेत असतो तर बोलावणे नसतानाही सभेत आलो असतो, द्यूताचे दोष समजावून सांगितले असते आणि तो खेळ थांबवला असता.

पुढे याच पर्वात भीम युधिष्ठिराला कठोर शब्द ऐकवतो. त्यावर धर्मराज जे उत्तर देतो ते आपल्या कथाकीर्तनांतून फारसे येत नाही. भीमाचे बोलणे खरे आहे, असे तो मान्य करतो. दुर्योधनाचे राज्य आपल्याला मिळावे या इच्छेनेच आपण फासे हाती घेतले. फासे शकुनीच्या इच्छेप्रमाणे पडत आहेत हे दिसत असताना मनाला आवर घालता आला असता, परंतु संतापाने धैर्य नष्ट केले, असे तो सांगतो. ‘क्षत्रियाने आव्हान नाकारू नये’ हे सभेत दिलेले कारण येथे मागे पडते आणि खरे कारण पुढे येते. हरत असलेला मनुष्य हरतो आहे म्हणूनच अधिक खेळतो, ही आजच्या मानसोपचारातील निरीक्षणाची गोष्ट व्यासांनी धर्मराजाच्या तोंडून वदवली आहे. द्रौपदीला मिळालेल्या वरांमुळे सर्व काही परत मिळाले असताना, वाटेतून पुन्हा बोलावणे आल्यावर तोच मनुष्य दुसऱ्यांदा पटावर बसला, हेही येथे ध्यानात घ्यावे.

प्रशासनाच्या दृष्टीने मला यातला एक तपशील महत्त्वाचा वाटतो. ही कबुली सभेत झाली नाही, वनात झाली. म्हणजे तिचा उपयोग होण्याची वेळ टळून गेल्यावर झाली. सभेत विदुराने विरोध केला, पण त्याचे कोणी ऐकले नाही. ‘मला आता थांबता येत नाही, मला थांबवा’ असे खेळणाऱ्याने म्हणावे आणि ते कोणीतरी ऐकून घ्यावे, अशी जागा त्या सभेत नव्हती. पुढील दोन-अडीच हजार वर्षांत आपल्या राज्ययंत्रणेने अशी जागा निर्माण केली का, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

जुगाऱ्याची कबुली आपल्या वाङ्मयाला नवी नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त, ज्याला आपण अक्षसूक्त म्हणतो, ते सबंध सूक्त जवळजवळ एका द्यूतकाराचे आत्मनिवेदन आहे. बायको दुरावली आहे, सासू तिरस्कार करते, घरचे लोक ओळख दाखवीत नाहीत, कर्ज झाले आहे. पुन्हा जायचे नाही असा निश्चय तो करतो आणि फाशांचा आवाज कानी पडताच तो निश्चय मोडतो. शेवटी त्याला उपदेश मिळतो तो शेती करण्याचा. आपल्याला काय झाले आहे हे या माणसाला पूर्णपणे कळलेले आहे. उणीव ज्ञानाची नाही. कळले असूनही पाय तिकडेच वळतात, हीच त्याची तक्रार आहे.

आता राज्यकर्त्यांनी या माणसाकडे कसे पाहिले ते पाहू. मनूने द्यूत राज्यातून हद्दपार करावे असे सांगितले. कौटिल्य अधिक व्यवहारी. त्याच्या अर्थशास्त्रात ‘द्यूताध्यक्ष’ नावाचा अधिकारीच आहे. त्याने द्यूत एकाच ठिकाणी चालवावे, इतरत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड करावा, फासे प्रामाणिक आहेत की नाहीत ते पाहावे आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घ्यावेत. एकाच ठिकाणी का, याचे कारणही कौटिल्य देतो: गुप्तपणे उपजीविका करणारे लोक हुडकून काढता यावेत म्हणून. म्हणजे द्यूतगृहाला दोन खिडक्या झाल्या. एका खिडकीवर कोषाचा माणूस बसला, दुसरीवर हेर. हरून उद्ध्वस्त झालेल्या मनुष्यासाठी तिसरी खिडकी कौटिल्याने ठेवली नाही. त्या काळी ती सुचणेही कठीण होते. परंतु या दोन खिडक्यांची परंपरा पुढे किती दूरवर टिकली, हे पाहण्यासारखे आहे.

इंग्रजी अमलात १८६७ चा तिसरा कायदा आला, सार्वजनिक जुगाराचा. तो वायव्य प्रांत, पंजाब, अवध, मध्य प्रांत आणि ब्रह्मदेश यांसाठी होता. दिल्ली त्या वेळी पंजाबात होती आणि नागपूर मध्य प्रांतात. म्हणजे आजच्या दिल्लीकर मराठी माणसाचे दोन्ही मुलूख त्याच्या कक्षेत आले. मुंबई इलाख्याला १८८७ मध्ये स्वतंत्र कायदा मिळाला आणि तो महाराष्ट्रात नव्या नावाने आजही चालू आहे. दिल्लीसाठी पुढे १९५५ मध्ये वेगळा कायदा झाला.

१८६७ च्या कायद्याची कलमे शांतपणे वाचावीत. अड्डा चालवणाऱ्यास २०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. अड्ड्यात सापडलेल्या खेळणाऱ्यास १०० रुपयांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद. इथपर्यंत अपेक्षितच आहे. परंतु सातवे कलम पाहा: पकडलेल्या मनुष्याने आपले नाव सांगण्याचे नाकारले किंवा खोटे नाव सांगितले, तर दंड ५०० रुपयांपर्यंत. खेळण्याच्या दंडाच्या पाचपट दंड नाव लपवण्याला! पोलिसांच्या दृष्टीने हे योग्यच होते. पण या व्यसनात ‘नाव’ हीच सर्वांत अवघड गोष्ट असते, याची कल्पना त्या मसुदाकाराला नसावी.

त्याहून उद्बोधक अकरावे कलम आहे. जुगारात भाग घेतलेल्या मनुष्याला दंडाधिकाऱ्याने साक्षीदार म्हणून तपासले आणि त्याने आपल्याला माहीत असलेले सर्व खरेखुरे सांगितले, तर दंडाधिकाऱ्याने त्याला तसे लेखी प्रमाणपत्र द्यावे आणि त्या खेळाबाबतच्या खटल्यांतून त्याची मुक्तता व्हावी. म्हणजे कबुली देणाऱ्याला मोकळे करण्याची कल्पना आपल्या कायद्याला १८६७ पासून ठाऊक आहे. मात्र ही कबुली इतरांविरुद्ध दिलेली असावी लागे. अड्डा कोणाचा, नाल कोण घेतो, पैसे कोठे जातात, हे सांगितले तर सुटका. ‘मला थांबता येत नाही’ हे सांगणाऱ्यासाठी प्रमाणपत्राची तरतूद नव्हती, कारण त्या वाक्याचा खटल्याला उपयोग नव्हता.

दिवाणी कायद्याचे धोरण वेगळे होते. १८७२ च्या करार अधिनियमाच्या तिसाव्या कलमाने पैजेचे करार निरर्थक ठरवले. मुंबई इलाख्यात १८६५ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले गेले होते. पैजेशी संलग्न असलेले करारही तेथे निरर्थक ठरत. जुगारासाठी जाणूनबुजून दिलेल्या कर्जाची वसुली न्यायालयामार्फत करणे त्यामुळे दुरापास्त झाले. व्यवहारात मात्र अशी वसुली न्यायालयातून होतच नाही. ती दारात उभ्या राहणाऱ्या माणसाकडून होते, आणि हल्ली भ्रमणध्वनीवरून होते.

मुंबईतील मटक्याचा इतिहास बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भाव तारेने मुंबईत येत, त्यांच्या आकड्यांवर पैजा लागत. साठच्या दशकाच्या आरंभी हे आकडे मिळेनासे झाले, तेव्हा चिठ्ठ्या मडक्यात घालून आकडा काढण्याची युक्ती निघाली. पुढे मडके जाऊन पत्ते आले, तरी ‘मटका’ हे नाव राहिले. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही नावे त्या काळी घरोघरी माहीत होती. गिरणगावातील कामगाराचा पगार चाळीत पोचण्यापूर्वी त्यातला काही भाग आकड्यावर लागत असे. त्याच काळात, १९६९ मध्ये, महाराष्ट्र शासनाने आपली लॉटरी सुरू केली. त्यामागे एक हिशेब होता: लोक पैसा लावणारच असतील तर तो गुन्हेगारांच्या हाती न जाता लोककल्याणाकडे यावा. हा हिशेब अगदीच अग्राह्य होता असे मी म्हणणार नाही. परंतु येथेही कौटिल्याच्या त्याच दोन खिडक्या आहेत. एक हात आकडा लावणाऱ्याला पकडीत होता, दुसरा हात तिकीट विकीत होता. १९७६ मध्ये राज्याने कॅसिनोंच्या नियंत्रणाचा व कराचा कायदाही केला. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. या सर्व काळात गिरणीच्या फाटकाशी उभे राहून, ‘पगाराच्या दिवशी मला घरापर्यंत कोणीतरी सोबत करा’ असे म्हणणाऱ्या कामगाराला शासनाच्या कोणत्या खात्याकडे जाता आले असते? गृह खात्याकडे तो गुन्हेगार होता, वित्त खात्याकडे तो गिऱ्हाईक होता. आरोग्य खात्याकडे त्याची नोंदच नव्हती.

या इतिहासात १९५७ हे वर्ष मला विशेष वाटते. त्या वर्षी ९ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने ‘मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला’ या खटल्याचा निर्णय दिला. न्यायालयाची आजची इमारत तेव्हा वापरात आली नव्हती. संसद भवनातील नरेंद्र मंडळाच्या दालनात कामकाज चाले. मुंबई राज्याने बक्षीस-शब्दकोड्यांवर घातलेल्या नियंत्रणाचा व कराचा हा वाद होता. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी निर्णयात ऋग्वेदातील त्याच द्यूतकाराच्या विलापाचा, महाभारताचा आणि स्मृतींचा दाखला देऊन सांगितले की, जुगार हा संविधानाने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. हा निर्णय महत्त्वाचा होता आणि राज्यांचे अधिकार त्याने भक्कम केले. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत पैज व जुगार हा विषय राज्यसूचीत चौतिसाव्या क्रमांकावर आहेच.

त्याच वर्षी, १३ सप्टेंबर १९५७ रोजी, अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात जुगाराने ग्रासलेल्या काही माणसांची एक लहानशी बैठक झाली. दारू सोडू पाहणाऱ्यांची निनावी संघटना १९३५ पासून तेथे काम करीत होती. त्याच धर्तीवर ‘गॅम्ब्लर्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना या बैठकीतून उभी राहिली. तिची पद्धत साधी होती. आडनाव सांगायचे नाही. जुगारापुढे आपले काही चालत नाही, हे सर्वांसमोर म्हणायचे. पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचे. सोबत वीस प्रश्नांची यादी. ज्यांना जुगार अनावर झाला आहे त्यांतील बहुतेकांची किमान सात उत्तरे ‘होय’ अशी येतात, असा तिचा अनुभव.

एकाच वर्षी, एकाच प्रकारच्या मनुष्याच्या विलापाचे हे दोन उपयोग झाले. दिल्लीत तो विलाप जुगाराच्या दुष्टतेचा पुरावा म्हणून वाचला गेला. लॉस एंजेलिसमध्ये तो उपचाराचे पहिले वाक्य म्हणून उच्चारला गेला. न्यायालयाचे काम वेगळे होते, म्हणून येथे दोष देण्याचे कारण नाही. परंतु आपली सबंध राज्ययंत्रणा पहिल्या उपयोगापाशीच थांबली, हे मात्र खरे. ज्या संघटनेत नाव न सांगणे ही उपचाराची पहिली अट आहे, ती १८६७ च्या सातव्या कलमाशेजारी ठेवून पाहिली म्हणजे दोन दृष्टींमधील अंतर कळते.

वैद्यकशास्त्रालाही वेळ लागलाच. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत जुगाराचा विकार १९८० मध्ये आला. २०१३ च्या आवृत्तीत तो दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी बसवण्यात आला, कारण तलफ, वाढत जाणारी मात्रा, थांबल्यावर होणारी तगमग ही सर्व लक्षणे तशीच दिसत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यातही हा विकार व्यसनजन्य वर्तनांच्या गटात आहे. आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने निदानासाठी अशा मान्यताप्राप्त निकषांचाच आधार सांगितला आहे आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. म्हणजे ज्याला आपण ‘वाया गेलेला’ म्हणत होतो, तो कायद्याच्या भाषेत रुग्ण होऊ शकतो. ही माहिती आपल्या कचेऱ्यांपर्यंत कितपत पोचली आहे?

शासकीय सेवेतील उदाहरण देतो, कारण ते माझ्या परिचयाचे क्षेत्र आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४ मधील सतराव्या नियमानुसार कर्मचाऱ्याने आपले खासगी व्यवहार असे ठेवावेत की तो सवयीचा कर्जबाजारी होणार नाही. नियम योग्य आहे. कर्जबाजारी मनुष्याच्या हाती सरकारी पैसा सुरक्षित नसतो. अशा आरोपाची एक नस्ती काही वर्षांपूर्वी माझ्या वाचनात आली. कार्यालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. एका लिपिकाने सहकाऱ्यांकडून, पतसंस्थेकडून आणि भ्रमणध्वनीवरील कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवरून पैसे घेतले होते. आरोपपत्राला त्याने दिलेले उत्तर दोन पानांचे होते. दीड पानात कर्जाचा तपशील आणि शेवटच्या परिच्छेदात चार ओळी: आपण रात्री भ्रमणध्वनीवर पैसे लावून खेळतो, तीनदा सोडण्याची शपथ घेतली, निभली नाही, साहेबांनी काही मार्ग दाखवावा.

या उत्तरावर समासात शेरा होता: ‘आरोप मान्य.’ तो शेरा नियमाला धरूनच होता. १९६५ च्या वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियमांनुसार कर्मचाऱ्याने आरोप मान्य केला की चौकशी बहुधा तेथेच आटोपते आणि निष्कर्ष नोंदवला जातो. नस्ती पुढे शिक्षेच्या प्रमाणावर गेली. त्या चार ओळींची दखल घेईल असा रकानाच नमुन्यात नव्हता. वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावे, असे कोणी सुचवले असते तर नियमांनी अडवले नसते. परंतु नियमांनी सुचवलेही नव्हते. शिस्तीच्या भाषेत कबुली हा प्रकरणाचा शेवट असतो. उपचाराच्या भाषेत ती प्रकरणाची सुरुवात असते. एकच वाक्य दोन खात्यांत दोन अर्थांनी वाचले जाते, आणि बोलणाऱ्याच्या हाती निवड नसते.

दिल्लीच्या सामाजिक जीवनाने ही कबुली आणखी कठीण केली आहे. उत्तरेत दिवाळीच्या आठवड्यात पत्ते खेळणे हा शिष्टाचार समजला जातो. द्वारकेतील सहकारी गृहसंस्थांतही त्या दिवसांत ‘तीन पत्ती’ची आमंत्रणे फिरतात. आपल्या पंचांगातही कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असे नाव आहे, मात्र आपण तो दिवस ओवाळणी आणि बलिप्रतिपदा म्हणून पाळतो. बहुतेकांसाठी हा खेळ दोन संध्याकाळींत संपतो. ज्याचा संपत नाही, तो मात्र एकटा पडतो, कारण ज्यांच्यासोबत त्याने सुरुवात केली त्यांना त्याची अडचण खरीच वाटत नाही. परमुलखातील मराठी माणसावर आणखी एक ओझे असते. आपले वर्तुळ लहान; गणेशोत्सवातील खजिनदार, मुलीच्या स्थळाची चौकशी करणारे आणि कचेरीतील वरिष्ठ हे एकाच मंडळाचे सभासद असतात. येथे बोललेला शब्द पुण्याला किंवा सोलापूरला पोचायला वेळ लागत नाही, ही भीती निराधार म्हणता येत नाही.

आता कायद्याने एक वळण घेतले आहे. संसदेने २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांच्या प्रोत्साहन व नियमनाचा अधिनियम मंजूर केला. २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, पुरवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, अशा तरतुदी त्यात आहेत. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. १८६७ पासून ‘कौशल्य की नशीब’ या भेदावर आपले न्यायनिर्णय उभे होते. तो भेद येथे बाजूला ठेवला गेला. परंतु माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट ही की, अड्डा आणि अड्ड्यात सापडलेला मनुष्य यांना या अधिनियमाने प्रथमच इतक्या स्पष्टपणे वेगळे केले. आता खेळणाऱ्याने तोंड उघडले तर निदान या अधिनियमाखाली तो आरोपी होत नाही.

मात्र शिक्षेतून सूट म्हणजे मदत नव्हे. अ‍ॅप बंद झाले तरी तलफ उरते आणि ती परदेशी संकेतस्थळाचा किंवा गल्लीतल्या बुकीचा रस्ता शोधते. यासाठी अन्य देशांनी केलेली एक व्यवस्था पाहण्यासारखी आहे. सिंगापूरमध्ये २००५ साली समस्याग्रस्त जुगारासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. कॅसिनो उघडले ते त्यानंतर, २०१० मध्ये. तेथे मनुष्य स्वतःवर प्रवेशबंदी घालून घेऊ शकतो आणि जवळचे कुटुंबीयही त्यासाठी अर्ज करू शकतात. ब्रिटनमध्ये २०१८ पासून ‘गॅमस्टॉप’ आणि ऑस्ट्रेलियात २०२३ पासून ‘बेटस्टॉप’ या नोंदवह्या आहेत. त्यांत नाव नोंदवले की परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांना त्या मनुष्याला खेळू देता येत नाही. त्या देशांत राहणाऱ्या मराठी वाचकांना याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. येथेही नाव सांगावेच लागते, पण ते स्वतःच्या रक्षणासाठी. शांत मनःस्थितीतील मनुष्य तलफ आलेल्या स्वतःला बांधून ठेवतो. वनपर्वातील श्रीकृष्णाने जे काम आपले म्हणून सांगितले, ते येथे एका नोंदवहीकडे सोपवले आहे.

आपल्याकडे मदतीची ठिकाणे अगदीच नाहीत असे नाही. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणाने ‘व्यसन हा आजार आहे’ हे वाक्य मराठी घरांत रुजवले, आणि व्यसनी माणसाशी अपमान न करता बोलता येते हे दाखवून दिले. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे. दिल्लीत एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने वर्तनाच्या व्यसनांसाठी चिकित्सालय चालवले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे, ती अहोरात्र चालते आणि मराठीतही बोलता येते. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व घरापासून दूर राहणाऱ्यांना सांगायला नको. कचेरीत आपण हिंदी-इंग्रजी बोलतो, परंतु ‘मी घरातले दागिने गहाण ठेवले’ हे वाक्य मनुष्याला मातृभाषेतच सुचते. जीव नकोसा वाटण्यापर्यंत मजल गेली असेल तर कर्जाचा हिशेब बाजूला ठेवून आधी हा दूरध्वनी करावा किंवा जवळच्या रुग्णालयात जावे. कर्जाला मुदत मागता येते.

ज्यांच्यासमोर अशी कबुली येते त्यांच्यासाठी, म्हणजे पत्नी, पती, भाऊ, मित्र किंवा वरिष्ठ यांच्यासाठी, दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली: रक्कम विचारण्याची घाई करू नये. बहुधा पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा खरा नसतो, तो ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून ठरलेला असतो. दुसरी: सर्व कर्ज एका रात्रीत फेडून टाकू नये. या क्षेत्रातील अनुभव असा की, तसे केल्याने मोकळी झालेली पत पुन्हा खेळात जाते. पैशाचे व्यवहार काही काळ दुसऱ्याच्या हाती द्यावेत, कर्जांची यादी लिहून काढावी, मुदती मागून घ्याव्यात आणि उपचार त्याच आठवड्यात सुरू करावा. शपथ घ्यायला लावू नये. अक्षसूक्तातील मनुष्यानेही निश्चय केलाच होता.

प्रशासनाकडून अपेक्षा काय असावी? फार मोठ्या योजनेची गरज नाही. प्रत्येक विभागाच्या वर्तणूकविषयक परिपत्रकात एक वाक्य असावे की, चौकशी सुरू होण्यापूर्वी स्वतःहून पुढे येणाऱ्या कर्मचाऱ्यास वैद्यकीय मदतीसाठी पाठवले जाईल आणि त्याचे निवेदन गोपनीय राहील. सरकारी पैशाला हात लागला असेल तर त्याचा विचार नियमांप्रमाणे स्वतंत्रपणे होईल. १८६७ च्या दंडाधिकाऱ्याला इतरांविरुद्ध बोलणाऱ्यास अभयपत्र देता येत होते. आजच्या विभागप्रमुखाला स्वतःविषयी खरे बोलणाऱ्यास निदान रुग्णालयाची चिठ्ठी देता यावी. जिल्हा न्यायालयात किरकोळ जुगाराच्या प्रकरणात आलेल्या मनुष्याच्या हातीही अशी चिठ्ठी पडायला हरकत नाही.

द्वारकेत जिल्हा न्यायालय सेक्टर १० मध्ये आहे आणि दिल्ली सरकारचे इंदिरा गांधी रुग्णालय सेक्टर ९ मध्ये. नकाशावर दोन्ही शेजारी आहेत. नस्तीला मात्र एका इमारतीतून दुसरीत जाण्याचा मार्ग अद्याप आखलेला नाही. तो आखण्यासाठी नवा कायदा लागत नाही. ‘आरोप मान्य’ या शेऱ्याखाली आणखी एक ओळ लिहिण्याची मुभा आणि ती लिहिणारा अधिकारी, एवढे पुरेसे आहे.